घर फिरले, वासे फिरले

'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' ही म्हण संगणकाइतकी दुसऱ्या कशाला क्वचितच लागू पडत असेल. कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बदलली की काल मुकाट्याने काम करणारी आज्ञावली आज ओळखसुद्धा दाखवत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. तेव्हापासून पनवेलच्या आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर एक प्रश्न वरचेवर निघतो : "माझे जुने मराठी सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालेल का हो?" उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

संगणकावर मराठी आली ती डॉसच्या काळात. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात 'जिस्ट' हे तंत्र तयार झाले आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. संगणकात जिस्टचे एक कार्ड बसवले की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. ही अक्षरे 'इस्की' नावाच्या संकेतात साठवली जात. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये या संकेताला मानकाचा दर्जा दिला.

मग विंडोज आले आणि घर फिरले. कार्ड गेले, त्याच्या जागी फॉन्ट आले. सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती ही नावे छापखान्यांत घरोघरच्यासारखी झाली. पण या फॉन्टांची युक्ती मजेशीर होती. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. कुठे अर्धा ण, कुठे नुसता काना, कुठे वेलांटी. संगणकाच्या लेखी ते रोमन चिन्हच. आपल्याला दिसे मराठी. शिवाय प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या सोयीने मांडलेले. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडला की डोक्यावर टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची जत्रा!

इथे एक गंमत सांगतो. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, पण उच्चार 'क'चा आधी. इस्कीमध्ये उच्चाराप्रमाणे आधी 'क', मग वेलांटी. फॉन्टच्या पद्धतीत मात्र जसे दिसते तसे, म्हणजे वेलांटी आधी. म्हणजे जुन्या डॉसने अक्षर जपले आणि नंतरच्या विंडोजच्या फॉन्टांनी फक्त आकार. म्हणूनच डॉसमधला जुना मजकूर आज युनिकोडमध्ये आणणे त्यामानाने सोपे, नंतरचा अवघड. नवे ते अधिक टिकाऊ असे आपण धरून चालतो, ते इथे साफ खोटे ठरते. युनिकोडने देवनागरीसाठी इस्कीचीच मांडणी पायाला घेतली आणि विंडोज २००० पासून ती थेट कार्यप्रणालीतच आली.

आता मूळ प्रश्न. जुनी आज्ञावली चालवता येते का? बऱ्याचदा येते. विंडोजमध्ये 'कम्पॅटिबिलिटी'ची सोय आहे. तिने नवी प्रणाली जुनी असल्याचे सोंग घेते. डॉसच्या आज्ञावलींसाठी डॉसबॉक्स आहे, लिनक्सवाल्यांसाठी १९९३ पासून चालत आलेले 'वाइन' आहे. नाहीतर संगणकाच्या पोटात दुसरा, आभासी संगणक उभारून त्यात जुने विंडोज घालता येते. पण अडचणीही आहेत. विंडोज ३.१ च्या काळातल्या १६-बिट आज्ञावली ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे. काही आज्ञावलींना प्रिंटरच्या खोबणीत कुलूपवजा डोंगल लावावा लागे. आता ती खोबणच नाही. जिस्ट कार्डाची खाचही गेली.

पण मंडळी, खरा जीव आज्ञावलीत नाही, मजकुरात आहे. आमच्या परिचयातल्या एका शाळेची स्मरणिका अशाच फॉन्टमध्ये जुळवली होती. त्यात एका वयोवृद्ध गुरुजींनी २५ सप्टेंबर १९३० च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाच्या, लहानपणी ऐकलेल्या आठवणी लिहिल्या होत्या. गुरुजी गेले, छापील प्रतींना वाळवी लागली, उरली एक सीडी. ती उघडली तर तीच टोप्यांची जत्रा. एका माजी विद्यार्थ्याने फॉन्ट ओळखून, परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला. तरी जोडाक्षरे बिघडली होती, रफार भलत्या अक्षरावर गेले होते. गावांची, माणसांची नावे माहीत असलेल्या दोघांनी बसून ती दुरुस्त केली. आणखी दहा वर्षांनी ती नावे कोणाला माहीत असती?

मोडीचेही असेच झाले. शाळांतून ती गेली आणि घरोघरचे कागद मुके झाले. तरी कागद डोळ्यांसमोर असतो, मोडी शिकून तो वाचता येतो. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागाही मिळाली. सीडीवरच्या फाइलकडे नुसते बघून मात्र कोणालाच काही वाचता येत नाही.

तेव्हा जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी, तो चालू आहे तोवर, आतला मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्या आणि फॉन्टचे नाव कागदावर लिहून ठेवा. ते नाव माहीत असले तर निम्मे काम होते. आणि तपासायला घरातल्या म्हाताऱ्यांना बसवा. ते काम त्यांनाच जमेल.