काकोयानिस यांचे युरिपिडीझ-चित्रपट
सायप्रसमध्ये जन्मलेले ग्रीक दिग्दर्शक मायकेल काकोयानिस यांनी प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीझच्या शोकात्मिकांवर केलेले तीन चित्रपट : ‘इलेक्ट्रा’ (१९६२), ‘द ट्रोजन विमेन’ (१९७१) व ‘इफिजेनिया’ (१९७७). तिन्हींत आयरीन पापास प्रमुख भूमिकांत असून संगीत मिकिस थिओदोराकिस यांचे आहे. ग्रीसमध्ये लष्करी राजवट असल्याने ‘द ट्रोजन विमेन’ स्पेनमध्ये, इंग्रजीत चित्रित झाला. कॅथरिन हेपबर्न त्यात ट्रॉयची राणी हेक्युबा झाल्या. तारेतारकांच्या गर्दीत तो काहीसा नाटकीच राहिला.

‘इलेक्ट्रा’ मात्र अस्सल चित्रपट आहे. मूळ नाटकात शेतकऱ्याच्या निवेदनातून कळणारा इलेक्ट्राच्या बापाचा, राजा अगामेम्नॉनचा खून येथे पडद्यावर घडतो : स्नानगृहात त्याच्यावर जाळे पडते, कुऱ्हाड उगारली जाते, संवाद नाहीतच. वृंदाच्या (कोरसच्या) जागी उघड्या माळावर काळ्या वस्त्रांतल्या खेडूत बायका दिसतात. शेवटी अवतरणारे देव काकोयानिस यांनी वगळले. ‘इफिजेनिया’तही अगामेम्नॉनच्या कन्येऐवजी हरिणी बळी जाण्याचा चमत्कार नाही; धुरात दिसेनाशी होणारी मुलगी आणि बापाचा भेदरलेला चेहरा एवढेच दिसते. देवांना दिलेली ही रजा युरिपिडीझच्या संशयी वृत्तीला साजेशीच म्हणावी लागेल.