माण नदीचे डोह आणि माशांची यादी

नदीकाठच्या बहुतेक गावांत एखादा डोह माशांसाठी प्रसिद्ध असतो, निदान कधीकाळी होता असे सांगितले जाते. सत्तरी उलटलेल्या माणसांना विचारावे, तर तेथे कोणते जाळे टाकत, पहिल्या पुरात चढणीचे मासे कसे मिळत, याची वर्णने ऐकायला मिळतात. विद्यार्थी ती कौतुकाने ऐकतात आणि विसरून जातात. या आठवणींना इतिहासाचा पुरावा मानता येईल का? येत असेल, तर तो तपासायचा कसा? सांगोला तालुक्यातून वाहणाऱ्या माण नदीच्या निमित्ताने आपण याचा विचार करू.

माण नदी सातारा जिल्ह्यात उगम पावते. म्हसवड, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा अशा कमी पावसाच्या मुलखातून वाहत ती पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. सांगोला तालुक्यातल्या एका नदीचे तर नावच ‘कोरडा’ आहे. अशा हंगामी नदीत मासे टिकतात कसे? याचे उत्तर डोहात आहे. पुराचे पाणी वळणावर किंवा खडकावर आदळते तेथे पात्र खोल खणले जाते. वाहणे थांबले तरी तेथे पाणी उरते, आणि आसपासचे मासे त्यात गोळा होतात. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. मरळ पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकते, म्हणून ती तग धरते. इतर अनेक माशांना ते जमत नाही. पावसाळ्यात पूर आला की उरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, अंडी घालतात आणि नदी पुन्हा भरते. म्हणजे डोह ही नदीची बियाण्याची कणगी होय. ती रिकामी झाली, तर पुढचा पूर येऊनही उपयोग होत नाही.

आता भीमेच्याच खोऱ्यातले दुसरे ठिकाण पाहू. पुण्याच्या मुळा-मुठेचे पाणी भीमेत येते, उजनीतून पंढरपूरला जाते आणि पुढे त्याला माण मिळते. विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याचे काम त्याच्याकडे होते. फिरताना त्याने येथील पशुपक्ष्यांप्रमाणे माशांचीही नोंद केली आणि १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. त्यात मुळा-मुठेतले आणि भीमेतले मासे आहेत. विशेष म्हणजे अनेक नव्या जातींना त्याने लोकांच्या तोंडची मराठी नावेच दिली. कोलस, शिंगटी, मल्या, नुक्ता, खुद्री ही नावे लॅटिन वळणाने जगभरच्या ग्रंथांत गेली. ज्या भोई-कोळ्यांनी ती वापरली, त्यांची नावे मात्र त्या जातिनामांत नाहीत.

या यादीचा खरा उपयोग नंतर झाला. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी आणि होरा व मिश्र यांनी पुण्याच्या माशांवर लिहिले. १९६३ मध्ये तोनापी आणि मुल्हेरकर यांनी, तर २००३ मध्ये वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेचे मासे पुन्हा तपासले. प्रत्येकाला मागची यादी हातात घेऊन नदीवर परतता आले. म्हणूनच शहराच्या सांडपाण्याने, धरणांनी आणि बाहेरून आणलेल्या माशांनी काय बदलले, हे नावानिशी बोलता येते. नाहीतर ‘पूर्वी फार मासे होते’ एवढेच म्हणता आले असते.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये याच अडचणीकडे लक्ष वेधले. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जे पाहते, तेच मूळचे समजते आणि तेथूनच घट मोजू लागते. आपण या दोषाला ‘सरकती आधाररेषा’ म्हणू. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्या काठावर वाढलेल्या मुलाला चिलापी हा भीमेचाच मासा वाटतो. प्रत्यक्षात तो मूळचा आफ्रिकेतला. भारतात १९५२ मध्ये आणला गेला.

माणेच्या डोहांवरही बदलांचे अनेक थर आहेत. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. ती उपसली की झरे आटतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यात बरगे काढून ठेवतात आणि पूर ओसरल्यावर बसवतात. ते वेळेवर काढले तर चढणीच्या माशांना वाट मिळते, न काढले तर ती अडते. अलीकडे टेंभू योजनेतून कृष्णेचे उपसलेले पाणीही माणेत सोडले जाते. तेव्हा आजची नदी पन्नास वर्षांपूर्वीची नाही, आणि ‘पाणी आले म्हणजे मासे परतले’ असे गृहीतही धरता येत नाही.

सांगोल्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात १७५० च्या सांगोला करारामुळे येते. तो कागदावर उतरला, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. आपल्या गावच्या डोहाची यादी करण्यासाठी शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांना हे काम द्यावे. वृद्ध मासेमाऱ्यांना माशांची चित्रे दाखवावीत, पण नाव आपण सांगू नये; ते सांगतील तेच लिहावे, कारण एकाच माशाला दोन गावांत दोन नावे असतात. काळ ठरवण्यासाठी साल विचारू नये. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? किल्लारीच्या भूकंपाच्या (१९९३) वेळी मिळत होता का?’ असे विचारावे. दोन माणसांना वेगवेगळे विचारून उत्तरे जुळतात का ते पाहावे. मग आठवडी बाजारात आणि जाळ्यात आज मिळणारे मासे, महिना, जागा व जाळ्याच्या आसाचा आकार यांसह नोंदवावेत. एकदा सापडला नाही म्हणजे मासा नाहीसा झाला असे नव्हे. किती वेळा, कसा शोधला हेही लिहिलेले हवे.

ही वही शाळेच्या कपाटात राहू द्यावी आणि दर पाच वर्षांनी नव्या मुलांनी ती घेऊन त्याच डोहावर जावे. साइक्सची यादी कामाला यायला शंभर वर्षे लागली. आपल्याला तेवढे थांबायचे कारण नाही, कारण ज्यांना माणेचे जुने डोह आठवतात ती माणसे आज गावात आहेत आणि दरवर्षी थोडी कमी होत आहेत.