भोनचा स्तूप आणि वऱ्हाडातील बौद्ध अवशेषांचा प्रश्न

नांदगाव खंडेश्वर येथील खंडेश्वराचे देवालय पाहून परतणाऱ्या अभ्यासकाच्या मनात वऱ्हाडच्या प्राचीनत्वाविषयी एक ठरावीक समज दृढ होण्याचा संभव असतो. काळ्या दगडांची हेमाडपंती रचना आणि शके ११७७ चा, यादव कृष्णाच्या कारकिर्दीतील शिलालेख त्यास येथे आढळतात. पुढे बार्शीटाकळी, लोणार, मेहकर येथेही त्याच वळणाची बांधणी दिसते. त्यामुळे वऱ्हाडचा वास्तूंतून वाचता येणारा इतिहास यादवांपासूनच सुरू होतो, असे वाटू लागते. त्याआधीच्या दीड हजार वर्षांच्या खुणा मात्र, लेणी वगळल्यास, जमिनीवर फारशा उभ्या नाहीत.

बौद्ध धर्माचा येथे प्रसार नव्हता, असा याचा अर्थ नव्हे. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भोजकटाच्या दिगनगा नावाच्या भिक्षुणीचे दान नमूद आहे. भोजकट म्हणजे अमरावतीजवळचे भातकुली, असे परंपरेने मानले जाते. हे समीकरण निर्णायक म्हणता येणार नाही. परंतु दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात चर्मांक हे गाव भोजकट राज्यात असल्याचे सांगितले आहे, आणि चर्मांक म्हणजे अचलपूरनजीकचे चम्मक यात शंका नाही. अर्थात, भोजकटाचा प्रदेश याच भागात शोधला पाहिजे. विंध्यापलीकडील स्तूपास दान पाठविणारी भिक्षुणी ज्या प्रदेशातली, तेथे तिचा संघही कोठे तरी नांदत असला पाहिजे. (आंध्रातील अमरावतीचा प्रख्यात स्तूप वऱ्हाडच्या अमरावतीत शोधणारे विद्यार्थी अधूनमधून भेटतात. दोन्हींत नामसादृश्यापलीकडे काही संबंध नाही.)

विदर्भाच्या पूर्व भागात या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच मिळाले होते. वैनगंगेच्या काठी पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीखालून मोठा स्तूप उघडकीस आला. त्याच्या कठड्याच्या स्तंभांवर दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. पश्चिमेकडे, म्हणजे खुद्द वऱ्हाडात, असे स्थळ ज्ञात नव्हते. कौंडिण्यपूरच्या १९६२-६४ च्या उत्खननाने वर्धेकाठची प्राचीन वसती दाखविली, स्तूप दाखविला नाही.

ही उणीव भोनने भरून काढली. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, शेगावच्या उत्तरेस पूर्णेच्या काठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने भास्कर देवतारे यांनी या शतकाच्या आरंभी तेथे उत्खनन केले. त्यात भाजलेल्या विटांचा स्तूप आढळला. उत्खननकर्त्यांनी तो मौर्यकाळाइतका मागे नेला आहे. पवनीच्या मानाने हा स्तूप लहान आहे. शिल्पांचा लोभ धरून जाणाऱ्याची येथे निराशाच होईल. भोनचे महत्त्व स्तूपाभोवती जे सापडले त्यात आहे. मातीच्या कड्या एकीवर एक रचून केलेल्या विहिरी येथे मोठ्या संख्येने मिळाल्या आणि पाणी वाहून नेण्यासाठी खोदलेल्या कालव्याचे अवशेषही मिळाले.

येथे भूगोल ध्यानात घ्यावा लागतो. पूर्णेचे खोरे हा खारपाणपट्टा आहे. आजही तेथील कित्येक विहिरींचे पाणी पिण्यास अयोग्य असते व ओलितासही फारसे उपयोगी पडत नाही. मग प्राचीन रहिवाशांनी इतक्या विहिरी कशासाठी खोदल्या? कड्यांच्या विहिरी अन्यत्र सांडपाणी मुरविण्यासाठीही वापरल्या गेल्या आहेत, हे विसरता येत नाही. मला स्वतःला असे वाटते, की विहिरींचा उपयोग काहीही असो, गोड्या पाण्याची निकड हीच कालव्याच्या मुळाशी असावी. तसे असेल तर तो खोदण्याचे श्रम कोणी संघटित केले, श्रेणींनी, ग्रामसभेने, की विहाराने, हा प्रश्न महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाचा होतो. त्याचे उत्तर एकट्या स्तूपात मिळणार नाही. स्तूप, वसती, विहिरी आणि कालवा यांची परस्परांतील अंतरे, पातळ्या व थर यांतच ते असेल.

भोन जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आल्याने हाच धागा तुटण्याची भीती निर्माण झाली. अशा प्रसंगी वास्तू उचलून अन्यत्र उभारावी, असे सुचविले जाते. नागार्जुनकोंड्यास १९५४ पासून विस्तृत उत्खनन झाले आणि नागार्जुनसागराचे पाणी चढण्यापूर्वी निवडक वास्तू हलविण्यात आल्या. गुजरातेत देवनीमोरीचा स्तूप बडोद्याच्या विद्यापीठाने साठीच्या दशकाच्या आरंभी उत्खनित केला; पुढे ते स्थळ मेश्वो नदीवरील जलाशयाखाली गेले. पहिल्या उदाहरणाचा दाखला देणारे बहुधा दुसऱ्याचा उल्लेख टाळतात. शिवाय भोनच्या विटा क्रमांक घालून हलविता येतील. कालव्याचा उतार हलविता येणार नाही. खारपाणपट्ट्यात पाण्याची निकड असलेल्या शेतकऱ्यास धरण नको, असे कोणी म्हणणार नाही. याच निकडीतून बावीस-तेवीस शतकांपूर्वी त्याच मातीत कालवा खोदला गेला असेल, तर त्याचा उगमापासून शेवटापर्यंतचा मार्ग, तळातील गाळ आणि त्या गाळातील परागकण यांची नोंद स्तूपाच्या विटा मोजण्याइतकीच निकडीची ठरते.