भाकरीचा भाव आणि सरकारचा हात

सरकारने बाजारात हात घालावा की बाजार आपल्या चालीने चालू द्यावा, हा वाद आपल्या पारावरही रंगतो. भाव पडले की आपण म्हणतो, सरकार झोपले आहे काय? आणि भाव चढत असता निर्यातबंदी आली की म्हणतो, सरकारला यात पडायचे कारणच काय? या वादाचे एक मोठे प्रकरण इंग्लंडात होऊन गेले. ते आज पाहू.

नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ साली संपले. युद्धकाळात गव्हाचे भाव कडाडले होते आणि त्यांबरोबर जमीनदारांचे खंडही वाढले होते. आता परदेशी गहू येणार, भाव उतरणार आणि खंडही उतरणार! पण पार्लमेंटात वजन जमीनदारांचेच. त्यांनी त्याच वर्षी कायदा केला : देशात गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही. क्वार्टर म्हणजे आपले दोन क्विंटल आणि वर थोडे. या कायद्यावरून लंडनमध्ये दंगे झाले. १८२८ साली बंदी जाऊन भावाप्रमाणे कमीजास्त होणारी जकात आली. पण गरिबाच्या पावावरचा भार राहिलाच.

याविरुद्ध १८३९ साली मँचेस्टरच्या लोकांनी धान्य-कायदा-विरोधी संघ उभारला. त्याचे दोन खांब म्हणजे रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट. कॉब्डेन कापडाचा व्यापारी, पण जन्माने शेतकऱ्याचा मुलगा. १८४१ साली ब्राइटची तरुण पत्नी वारली. कॉब्डेन समाचाराला गेला आणि म्हणाला, या घडीला हजारो घरांत माणसे भुकेने मरत आहेत. दुःखाचा पहिला भर ओसरला की माझ्याबरोबर चल, कायदा जाईपर्यंत थांबायचे नाही. दोघे गावोगाव हिंडले. १८४० पासून एका पेनीत पत्र देशभर जाऊ लागले होते. त्या टपालाने संघाची पत्रके घरोघर गेली. कॉब्डेन कुळांना सांगे, महागाईचा लाभ तुमच्या पदरात राहत नाही, खंडाच्या वाटेने मालकाकडे जातो.

शेवटी १८४६ साली पंतप्रधान पील याने आपल्याच पक्षाच्या बहुसंख्य सभासदांचा विरोध पत्करून कायदा रद्द करविला. काही दिवसांतच त्याचे मंत्रिमंडळ पडले. सरकारने बाजारातून हात काढला आणि त्यात गरिबांचे हित झाले, असे इथे म्हणावे लागते. कारण तो हात गरिबाच्या ताटातून काढून श्रीमंताच्या कोठारात भरणारा होता.

पण गोष्ट इथेच संपत नाही. त्याच सुमारास आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबांचे मुख्य अन्नच ते. पीलने गुपचूप अमेरिकेतून मका मागविला होता. त्याच्यामागून आलेल्या सरकारने ठरविले, की धान्य आणणे हे व्यापाऱ्यांचे काम, आपण मध्ये पडायचे नाही. लोक उपाशी असता आयर्लंडातून धान्य बाहेर जात राहिले! पुढे परदेशी धान्य आले, भावही उतरले. पण ज्याच्या गाठी पैसा नाही, त्याला उतरलेल्या भावाचा काय उपयोग? १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी अन्नछत्रांतून रोज सुमारे ३० लाख माणसे जेवू लागली. म्हणजे मनात आणले तर करता येत होते. पण थोड्याच महिन्यांत ती छत्रे बंद झाली. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली.

हाच विचार जहाजात बसून आपल्याकडेही आला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनेत धान्याच्या व्यापारात सरकारने पडायचे नाही, हेच धोरण होते. आगगाडीने धान्य येत होते, पण ते विकत घेण्याची ऐपत लोकांत नव्हती. त्यातच दुष्काळी कामावरची मजुरी कमी केली, तेव्हा मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाने अहवाल दिला. व्यापार खुला ठेवावा, पण पीक बुडालेल्याला सरकारने काम आणि मजुरी द्यावी, म्हणजे तो बाजारात गिऱ्हाईक म्हणून उभा राहील, असा त्याचा मथितार्थ. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे मूळ याच विचारात सापडते.

शिक्षकमित्रांनी हे प्रकरण मुलांना सांगताना दोन्ही बाजू सांगाव्यात. बाजाराला भावाची भाषा कळते, भुकेची कळत नाही. आणि सरकारचा हातही नेहमी गरिबासाठीच पुढे येतो असे नाही. म्हणून ‘सरकारने मध्ये पडावे की नाही’ एवढेच विचारून भागत नाही. ते कोणासाठी पडते, आणि न पडल्यास कोण मरतो, हेही विचारले पाहिजे.