डेम्लो संख्या

देवळाली (नासिक जिल्हा) येथील शालेय शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी अभ्यासिलेला पूर्णांकांचा एक प्रकार. हे नाव डोंबिवली स्थानकावरून पडले. तेथे त्यांना ही कल्पना सुचली. ११ चा वर्ग १२१ व १११ चा वर्ग १२३२१ ही याची परिचित उदाहरणे होत. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हा सतरा अंकी आहे. गुणाकाराच्या मांडणीत मधल्या स्तंभात नऊच १ येऊन कोठेही हातचा उरत नाही, म्हणून तो दोन्ही बाजूंनी सारखाच वाचला जातो. दहा वेळा १ घेतल्यास हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ या वर्गात सममिती ढळते. ही सममिती म्हणजे दशमान लेखनाचा गुणधर्म होय. सतरा अंकी संख्येचे ३, ३७ व ३३३६६७ हे अविभाज्य अवयव मात्र लेखनपद्धती बदलली, तरी बदलत नाहीत. तिच्या अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. लेखनावर अवलंबून असणाऱ्या अशा गुणधर्मांकडे पुष्कळदा केवळ करमणूक म्हणून पाहिले गेले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकात कापरेकरांविषयी लिहिले व त्यांचे कार्य जगभर परिचित झाले.