शब्दपरिचय : 'ओव्हरव्हेल्म'

इंग्रजी वृत्तांत वारंवार आढळणाऱ्या क्रियापदांमध्ये 'ओव्हरव्हेल्म'चा समावेश होतो. पूर, युद्ध, निवडणूक, सत्कार अशा परस्परभिन्न प्रसंगी ते योजले जाते. मराठीत मात्र त्यासाठी कोणताही एक प्रतिशब्द पुरेसा ठरत नाही.

व्युत्पत्ती : मध्ययुगीन इंग्रजीत 'व्हेल्म' म्हणजे पालथे घालणे, उलथवणे. त्याला 'ओव्हर' जोडून हे क्रियापद सिद्ध झाले. लाटांनी नौका उलटून गडप व्हावी, ही मूळ प्रतिमा आहे. भावनावाचक अर्थ नंतरचा आहे.

प्रमुख अर्थ :

१. जलमय करणे, गडप करणे.

२. संख्याबळाने शत्रूला नामोहरम करणे.

३. क्षमतेपलीकडचा भार पडणे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली तेथील जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था या अर्थाने 'ओव्हरव्हेल्म' झाली.

४. भावनेने व्यापून जाणे. सत्काराने माणूस भारावतो, मायेने गहिवरतो, दुःखाने शोकाकुल होतो, तर कामाच्या ओझ्याने भांबावतो. इंग्रजीत या सर्वांसाठी हेच क्रियापद चालते.

'ओव्हरव्हेल्मिंग' हे विशेषण बहुमताला लागले, तर मराठीत 'प्रचंड' हा शब्द रूढ आहे. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत ४०० हून अधिक जागा मिळवणाऱ्या काँग्रेसचे बहुमत असेच प्रचंड होते.

अनुवादातील दक्षता : तिसऱ्या अर्थाबाबत विशेष काळजी आवश्यक असते. एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, दिल्लीसह अनेक शहरांतील रुग्णालयांसाठी इंग्रजी वृत्तांत हे क्रियापद वापरले गेले. 'रुग्णालयांवर ताण' हे त्याचे भाषांतर सौम्य ठरते. ताण असलेल्या रुग्णालयात खाट मिळण्याची आशा असते. 'ओव्हरव्हेल्म' झालेल्या रुग्णालयाची क्षमता संपलेली असते. रुग्णाला कोठे न्यावे हे बातमी वाचून ठरवणाऱ्या कुटुंबासाठी हा भेद जीवनमरणाचा ठरू शकतो. अशा ठिकाणी 'क्षमता संपली' किंवा 'व्यवस्था अपुरी पडली' हे शब्द अधिक अचूक होत. 'कोलमडली' हा शब्द मात्र सेवा प्रत्यक्ष ठप्प झाली असेल तरच वापरावा.

नौका बुडाली, डळमळली की केवळ जड झाली, हे मूळ वृत्तावरून ठरवूनच प्रतिशब्द निवडावा.