‘मोकळी जमीन’ म्हणजे नेमकी किती? गिरण्यांची जमीन आणि नियम ५८

मागच्या व्याख्यानात आपण १८ जानेवारी १९८२ च्या संपापर्यंत आलो होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत, तिथे आपण थांबलो. आज कामगारांपेक्षा त्यांच्या पायाखालच्या जमिनीबद्दल जास्त बोलायचंय. परळ, लालबाग, वरळी, लोअर परळ या पट्ट्यातली गिरण्यांची जमीन म्हणजे साधारण ६०० एकर. मुंबईसारख्या बेटावर, शहराच्या पोटात, एवढी जमीन एकदम हाती येणं ही शतकातून एकदा घडणारी गोष्ट.

ती कशी वापरायची, हे ठरवलं १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने. विचार सरळ होता. कारखान्याच्या जागी तुम्हाला ऑफिसं, दुकानं, घरं बांधायचीत ना? बांधा, पण शहराचा वाटा द्या. दहा हेक्टरपेक्षा मोठी गिरणी असेल तर ३३ टक्के जमीन महापालिकेला बागा-मैदानांसाठी, ३७ टक्के म्हाडाला घरांसाठी आणि ३० टक्के मालकाला. लहान गिरण्यांना आकडे थोडे वेगळे होते, पण ढोबळमानाने तीन वाटेच.

मालकांना हे परवडेना, निदान ते तसं म्हणत. बरेच जण पुढे आलेच नाहीत. काहींनी जुनी इमारत न पाडता आतला वापर तेवढा बदलला, म्हणजे वाटा देण्याचा प्रश्नच नको. कामगारांची देणी थकली होती. गिरण्यांची दारं उघडायला मालकांना सवलत हवी, असा युक्तिवाद सरकारने उचलला आणि २० मार्च २००१ ला नियम बदलला.

आता इथे जरा हळू जाऊ, कारण सगळी मेख एका शब्दात आहे. बदललेल्या नियमात तीन वाटे राहिले, टक्केही राहिले. फक्त वाटणी संपूर्ण जमिनीची न होता ‘मोकळ्या’ जमिनीची होणार, म्हणजे ज्यावर बांधकाम नव्हतं तेवढ्याचीच. जुन्या शेडखालची जमीन मालकाकडे राहणार, शेड पाडली तरीही.

समजा गिरणी १२ हेक्टरची आहे. जुन्या हिशेबाने महापालिका आणि म्हाडा मिळून आठ हेक्टरच्या वर मिळायला हवं. आता यातल्या नऊ हेक्टरवर शेड आहेत असं धरा. वाटणीला उरले तीन, आणि त्यात दोघांचा वाटा एकेक हेक्टरच्या आसपास. तुम्ही म्हणाल, नऊ हेक्टर शेड हे जरा जास्तच झालं. पण कापडगिरणी कशी बांधलेली असते ते आठवा. साच्यांचा हादरा इतका, की विणकाम तळमजल्यावरच बरं. उजेड वरून हवा, म्हणून करवतीच्या दात्यांसारखी छपरं. साहजिकच गिरणी आडवी पसरते. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरने साचे कुठे ठेवले, यावरून एकविसाव्या शतकात पोरांना मैदान किती मिळणार ते ठरलं! हा बदल ज्यांनी लिहिला त्यांना हे गणित समजत नव्हतं, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप कोर्टात गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. तोवर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले होते. मुंबई टेक्स्टाइल मिल एकटी ७०२ कोटींना गेली होती. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. २००१ चा नियम कायम राहिला.

घरांचं काय झालं? दत्ता इस्वलकर आणि बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने वर्षानुवर्षं रेटा लावला म्हणून म्हाडाच्या वाट्यातली काही घरं कामगारांना मिळाली. २८ जून २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं होती, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. अर्ज मात्र लाखाच्या वर. बाकीच्यांना आता शेलू-वांगणीची घरं दाखवली जातात. लालबागहून शेलू किती लांब, ते लोकलचा नकाशा पाहून तुम्हीच मोजा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे या वाटणीच्या भांडणात कमी लक्ष गेलं. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने सांगितलं होतं की या जमिनींचा विचार एकत्र करा, सुटा सुटा नको. मंजुऱ्या मात्र गिरणीगणिक निघत गेल्या. प्रत्येक फाइल आपापल्या जागी नियमात बसणारी. पण हजारो माणसं रोज एल्फिन्स्टन रोड आणि परळला उतरून चालणार कुठून, हा प्रश्न कुठल्याच एका फाइलीचा नव्हता. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी तिथल्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून जास्त माणसं गेली. नवा पूल मग लष्कराने बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ या.